गर्दी तारीख सांगून येते

डिसेंबर २००४ चे शेवटचे दिवस. न्युरेम्बर्गच्या रेगेन्सबुर्गर रस्त्यावर जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेचं मुख्यालय आहे. देशभरातल्या बेरोजगारांचा भत्ता इथून निघतो. १ जानेवारी २००५ पासून 'हार्ट्झ फोर' नावाची सुधारणा लागू होणार होती. दीर्घकाळ बेकार असलेल्यांची मदत आणि गरिबांची सामाजिक मदत या दोन वेगळ्या योजना एकत्र होऊन लाखो कुटुंबांना नव्या पद्धतीनं पैसे मिळणार होते. त्यासाठी 'ए२एलएल' नावाची नवी प्रणाली टी-सिस्टिम्स कंपनीकडून करून घेतली होती. गावोगावच्या कार्यालयांतले कर्मचारी ब्राउझरमधून तिच्यात माहिती भरत. ऑक्टोबरपासून हे भरणं चालू होतं. प्रणाली संथ चालायची, मध्येच बंद पडायची. तरीही कशीबशी माहिती भरली गेली आणि पहिले पैसे निघाले.

त्यातले बरेच पैसे खात्यावर पोचलेच नाहीत. त्या काळी जर्मनीत बँक खात्याचा क्रमांक जास्तीत जास्त दहा अंकी असे. क्रमांक लहान असला, तर दहा अंक भरण्यासाठी पुढे शून्यं लावायची रीत होती. प्रणालीनं ती मागे लावली. म्हणजे १२३४५६७८९ या खात्याचं ०१२३४५६७८९ व्हायला हवं होतं, ते १२३४५६७८९० झालं. नव्या वर्षाच्या तोंडावर, घरभाडं द्यायच्या दिवसांत, ज्यांच्याकडे दुसरी शिल्लक नाही अशांचे पैसे भलत्या क्रमांकाकडे निघाले. बँका आणि संस्था यांनी मिळून ते निस्तरलं. ए२एलएलची जागा नव्या प्रणालीनं घ्यायला सुरुवात झाली ती २०१४ मध्ये. म्हणजे जवळपास दहा वर्षं लोकांनी तिच्याबरोबर दिवस काढले.

मी याच शहरात लोड टेस्टिंगचं काम करतो. एखादं संकेतस्थळ किंवा त्यामागची सेवा खरी गर्दी येण्याआधी खोट्या गर्दीखाली घालून बघायची, हे ते काम. टीममध्ये नवा मुलगा किंवा मुलगी आली, की मी पहिला किस्सा या शून्यांचाच सांगतो. त्यांना प्रश्न पडतो की खातेक्रमांक चुकला याचा लोडशी संबंध काय? संबंध असा, की आमच्या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा निसटणारी गोष्ट हीच आहे. स्क्रिप्ट सर्व्हरला विनंती पाठवते, सर्व्हर 'दोनशे' हा कोड परत करतो, म्हणजे सगळं ठीक, आणि स्क्रिप्ट पुढे जाते. पानावर नेमकं काय आलं हे कुणी वाचलेलंच नसतं.

एका ग्राहकाकडे आलेख बघून सगळी खोली खूश होती. भार वाढतोय आणि उत्तर देण्याचा वेळ कमी होतोय. असं कधी होत नसतं. भार वाढला तर वेळ वाढायला हवा, फार तर स्थिर राहायला हवा. आम्ही परत आलेली पानं उघडून पाहिली. प्रत्येकावर एकच ओळ होती, 'सध्या प्रणाली व्यस्त आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा.' हे पान दोन किलोबाइटचं, त्याला डेटाबेस लागत नाही, त्यामुळे ते झटकन येतं. सेवा मरत होती आणि आलेख सुधारत होता. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक टप्प्यावर पानातला एखादा खरा शब्द, खरी रक्कम किंवा खरा क्रमांक तपासायचा. भाराखालीसुद्धा उत्तर बरोबरच आलं पाहिजे. वेळेत आलेलं चुकीचं उत्तर कुणाच्या कामाचं नसतं, आणि २००५ च्या जानेवारीत ते कुणाकुणाच्या घरी गेलं हे या शहराला ठाऊक आहे.

न्युरेम्बर्ग म्हटलं की बाहेरच्या माणसाला किल्ला, नाताळचा बाजार आणि नाझींवरचे खटले आठवतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला इथल्या तारखा आठवतात. रोजगार संस्था इथे आहे. निर्वासित आणि स्थलांतरितांचं केंद्रीय कार्यालय इथे आहे. कर सल्लागारांची 'डाटेव्ह' इथे आहे, आणि मराठी वाचकाला ती जवळची वाटावी, कारण ती चक्क सहकारी संस्था आहे. १९६६ मध्ये काही कर सल्लागारांनी मिळून ती काढली. प्रत्येकाला स्वतःचा संगणक परवडत नाही, तर सगळ्यांनी मिळून एक घेऊ, हा तो विचार. आज तिच्या यंत्रणेतून दर महिन्याला एक कोटीहून जास्त पगारपत्रकं निघतात. या सगळ्या कार्यालयांना जोडणारी गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. जर्मनीत व्यवसायांना मागच्या काळाच्या विक्रीकराची माहिती दहा तारखेपर्यंत द्यावी लागते, आणि नोकरांच्या पगारातून कापलेल्या कराचीसुद्धा. दहा तारीख शनिवार-रविवारी आली तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. म्हणजे तो सोमवार आणखी जड.

म्हणून लोड टेस्टिंगचा माझा पहिला प्रश्न 'किती लोक येतील?' हा नसतो, 'कधी येतील?' हा असतो. ग्राहक म्हणतो, वर्षाला अमुक लाख अर्ज येतात. त्याला तीनशे पासष्टनं भागून, चोवीसनं भागून जो आकडा येतो त्यावर टेस्ट करणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. अर्ज वर्षभर समान येत नाहीत. ते शेवटच्या आठवड्यात येतात, त्यातही शेवटच्या दिवशी, त्यातही जेवणानंतर. जुन्या लॉगमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं. फक्त कुणीतरी बसून वर्षभरातला सगळ्यात वाईट तास शोधायला हवा. मी तो तास सापडेपर्यंत स्क्रिप्टची एक ओळ लिहू देत नाही.

कधीकधी असा तास कुठल्याच लॉगमध्ये नसतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जर्मनी बंद झाली. कामगाराला काढू नका, त्याचे तास कमी करा, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकार देईल, अशी इथे जुनी योजना आहे. सगळ्या देशाचे मालक एकाच आठवड्यात त्या योजनेकडे धावले. १६ मार्चच्या सोमवारी रोजगार संस्थेकडे नेहमीच्या सुमारे दहापट फोन आले आणि फोनव्यवस्था कोलमडली. एप्रिलअखेरपर्यंत साडेसात लाख आस्थापनांनी मिळून एक कोटीहून जास्त कामगारांसाठी सूचना दिल्या. २००९ च्या मंदीत पूर्ण वर्षभरात कामगारांची ही संख्या तेहतीस लाख होती. आमच्या मंडळींत तेव्हा एकच चर्चा होती, की अशा आकड्याची टेस्ट मागितली असती तर कुणी पैसे दिले असते का? मला वाटतं, नसते दिले, आणि ते समजण्यासारखं आहे. पण दहापट भार आला तर आपली सेवा नेमकी कुठे आणि कशी तुटेल, हे माहीत करून घेणं स्वस्त असतं. ती सावकाश होईल, की रांग लावेल, की अर्धवट भरलेले अर्ज गिळून टाकेल? सेवा तुटेपर्यंत दाबून बघण्याला आम्ही स्ट्रेस टेस्ट म्हणतो. ग्राहकाला ती नकोशी असते, कारण अहवालात 'तुटली' असा शब्द येतो. मी ती सोडत नाही.

आता गर्दी बनवायची कशी, ते बघू. नवीन माणूस जेमीटर उघडतो. १९९८ मध्ये स्तेफानो मात्सोक्की यांनी लिहिलेलं हे फुकट साधन आजही सगळ्यात जास्त हातांत दिसतं. त्यात 'थ्रेड्स' असा रकाना असतो, तिथे १२०० लिहिलं की बाराशे माणसं तयार. पण ही माणसं श्वास घेत नाहीत. पान आलं की त्याच क्षणी पुढचं मागतात.

खरी माणसं कशी वागतात हे बघायला मी एका कार्यालयात सकाळभर एका अनुभवी बाईंच्या शेजारी बसलो होतो. आल्या आल्या त्यांनी पाच टॅब उघडले, पाचांतही लॉगिन केलं, आणि मग कॉफी आणायला गेल्या. परत येऊन एका अर्जाचं पान उघडलं. कागदाशी ताडून बघितलं. फोन आला. फोनवर बोलता बोलता दुसऱ्या टॅबमध्ये भलत्याच माणसाची माहिती शोधली. फोन ठेवला आणि पहिल्या पानावर परत येऊन एक रकाना भरला. दोन क्लिकांच्या मध्ये जवळपास मिनिट गेलं. 'तुम्ही पाच टॅब का उघडता?' मी विचारलं. 'दहानंतर लॉगिन व्हायला फार वेळ लागतो,' त्या म्हणाल्या, 'म्हणून आम्ही सगळेच सकाळी उघडून ठेवतो.' सर्व्हरच्या स्मृतीत इतकी सत्रं का साठतात, यावर वरच्या मजल्यावर कित्येक बैठका झाल्या होत्या. उत्तर खालच्या मजल्यावर त्या बाईंकडे होतं.

या दोन क्लिकांमधल्या वेळाला आम्ही थिंक टाइम म्हणतो, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. समजा १२०० माणसं कामाला बसली आहेत. प्रत्येक जण पान वाचायला ५८ सेकंद घेतो आणि पान यायला २ सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येकाचा फेरा ६० सेकंदांचा, आणि सर्व्हरकडे सेकंदाला १२०० भागिले ६०, म्हणजे २० विनंत्या जातात. स्क्रिप्टमधून हा थिंक टाइम काढून टाका. आता फेरा २ सेकंदांचा, आणि त्याच १२०० माणसांकडून सेकंदाला ६०० विनंत्या. तीसपट. बिचारा सर्व्हर कोसळतो, लोक घाबरून नवी यंत्रं विकत घेतात, आणि खरी गर्दी त्याच्या तिसाव्या हिश्शाची असते. या हिशोबामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केला. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी फोन कसे येतात याचं गणित मांडलं होतं. आमच्या धंद्याचे आजोबा तेच.

माणसं तयार झाली की त्यांना नावं हवीत. जर्मनीत खऱ्या नागरिकांची माहिती टेस्टमध्ये वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून खोटी माणसं बनवावी लागतात. आपल्याकडे नमुना अर्जावर जसा कुणीतरी काल्पनिक पाटील असतो, तसा इथे मॅक्स मुस्टरमान असतो. एका टीमनं लाखो खोटी माणसं बनवली आणि सगळ्यांचं आडनाव मुस्टरमान ठेवलं. टेस्ट चालू झाली आणि आडनावावरून शोध घेणारं पान गुडघ्यावर आलं. साहजिक आहे. एक आडनाव शोधलं की डेटाबेस लाखो ओळी घेऊन येणार. डेटाबेसवाले रात्रभर इंडेक्स बदलत बसले, आणि चूक इंडेक्समध्ये नव्हतीच. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलट झालं. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी एकाच माणसाचा अर्ज उघडत होती. पहिल्यांदा डेटाबेसमधून आला, नंतर प्रत्येक वेळी कॅशमधून, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतीतून, क्षणात. टेस्ट उत्तम. खऱ्या सकाळी मात्र प्रत्येक कर्मचारी वेगळा अर्ज उघडणार होता. म्हणून मी आडनावांची विभागणी बघतो, म्हणजे म्यूलर किती, श्मिट किती, तुर्की आडनावं किती, दोन टिंबांच्या स्वराची किती. हे काम कंटाळवाणं आहे आणि टेस्टचा अर्धा जीव त्यातच आहे.

आता शनिवार रात्रीचा किस्सा. मोठ्या टेस्टसाठी नेटवर्क मोकळं लागतं, म्हणून वेळ मिळते ती शनिवारी संध्याकाळी आठनंतरची. रात्री बाराला रविवार लागतो, आणि जर्मनीत रविवारी कामाला माणूस बसवायचा तर कायद्यानं खास परवानगी लागते. म्हणजे हातात चार तास. हिवाळ्यात पुणे आमच्या साडेचार तास पुढे असतं, त्यामुळे आमचे आठ वाजतात तेव्हा पुण्यातल्या सहकाऱ्याचे साडेबारा झालेले असतात. फोन स्पीकरवर.

'दादा, सेकंदाला चारशे सत्तरवर अडकलंय,' तो म्हणाला. 'थ्रेड दुप्पट केले तरी हलत नाही.'

'सर्व्हरचा सीपीयू?'

'वीस टक्के. झोपलाय तो.'

खोलीतल्या लोकांनी सर्व्हरवाल्यांकडे बघितलं, सर्व्हरवाल्यांनी नेटवर्कवाल्यांकडे. फायरवॉलच्या माणसाला घरून फोनवर घेतलं. दहा वाजून गेले. मग पुण्याच्या त्या मुलानंच विचारलं, 'दादा, आपल्याच मशीनचे पोर्ट संपत नसतील ना?' आणि तेच होतं. लिनक्स यंत्र बाहेर जोडणी करताना स्वतःचा एक तात्पुरता पोर्ट वापरतं. नेहमीच्या मांडणीत हे पोर्ट ३२७६८ ते ६०९९९ असतात, म्हणजे २८,२३२. जोडणी बंद झाली तरी तो पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. २८,२३२ ला ६० नं भागा. ४७० येतात. एका यंत्रावरून एकाच पत्त्याकडे सेकंदाला यापेक्षा जास्त नव्या जोडण्या होऊच शकत नव्हत्या. आमची स्क्रिप्ट प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडत होती. खरा ब्राउझर तसं करत नाही, तो उघडलेली जोडणी तशीच ठेवून पुन्हा पुन्हा वापरतो. सेटिंग बदललं आणि आकडा सरसर वर गेला. पावणेबाराला टेस्ट पूर्ण झाली, तेव्हा पुण्यात पहाटेचे सव्वाचार झाले होते. गर्दी बनवणारं यंत्रही एक यंत्रच आहे आणि त्यालाही मर्यादा आहेत. ती आधी तपासायची, हे त्या रात्री खोलीतल्या प्रत्येकाला पटलं. त्या मुलाचं नाव अहवालात पहिल्या पानावर गेलं, आणि ते मीच आग्रहानं घातलं.

सीपीयू झोपलेला आणि लोक ताटकळलेले, याचं याहून नेहमीचं कारण मात्र पूलमध्ये असतं. टॉमकॅट हा सर्व्हर मुळातल्या मांडणीत २०० विनंत्या एका वेळी हाताळतो. त्याच्यामागे डेटाबेसच्या जोडण्यांचा पूल असतो, आणि हिकारी नावाच्या लोकप्रिय पूलमध्ये मुळात १० जोडण्या असतात. लग्नाच्या मांडवात दोनशे माणसं आत घेतली आणि पंगतीला पानं दहाच मांडली, अशी ती अवस्था. प्रत्येक प्रश्नाला डेटाबेस ५० मिलिसेकंद घेत असेल, तर एक जोडणी सेकंदाला २० प्रश्न उरकते आणि दहा मिळून २००. दोनशे एकावा प्रश्न थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला यंत्र रिकामं दिसतं. मग व्यवस्थापक म्हणतात, अजून चार सर्व्हर घ्या. चार सर्व्हर म्हणजे चाळीस जास्त जोडण्या, सगळ्या एकाच डेटाबेसवर. कधी त्यानं सुटतं, कधी डेटाबेसच बसतो. हे कळायला टेस्टच लागते, अंदाज चालत नाही.

आणि शंभर टक्क्यांचं स्वप्न कुणी बघू नये. रांगेचं सगळ्यात साधं गणित असं सांगतं, की एकट्यानं पाव सेकंदात होणारं काम यंत्र निम्मं भरलेलं असताना अर्ध्या सेकंदात होतं, ऐंशी टक्के भरलं की सव्वा सेकंदात, नव्वदला अडीच, आणि पंच्याण्णवला पाच सेकंदांत. ऐंशी ते पंच्याण्णव हा प्रवास कागदावर पंधरा टक्क्यांचा, पण खुर्चीत बसलेल्या माणसासाठी चौपट वाट पाहण्याचा. 'अजून वीस टक्के जागा आहे' हे वाक्य मी बैठकीत ऐकलं की हा आलेख काढून दाखवतो.

तसंच सरासरीचं. सरासरी एक सेकंद म्हटलं की सगळे माना डोलावतात. मी पी ९९ विचारतो, म्हणजे शंभरातला सगळ्यात हळू जो एक, त्याला किती लागला? कुणी म्हणतं, शंभरात एकच ना! पण आजचं एक पान मागे चाळीस छोट्या विनंत्या करतं. चाळिसांतली एक तरी त्या संथ एक टक्क्यात सापडण्याची शक्यता तेहतीस टक्के आहे. म्हणजे दर तिसरं पान.

आता आपल्याकडचा किस्सा. १६ जुलै २०२१ ला दुपारी एक वाजता महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला. त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता, आणि पंधरा लाखांहून जास्त मुलं एका मिनिटाला संकेतस्थळावर गेली. संकेतस्थळ कित्येक तास उघडलं नाही. इथे न्युरेम्बर्गमध्ये माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात भाचीचा निकाल बघायला चार जण चार फोनांवर बसले होते आणि चौघेही रिफ्रेश करत होते. गणित करणाऱ्यांना वाटतं, पंधरा लाख मुलं म्हणजे पंधरा लाख विनंत्या. पण मुलगी, आई, मामा, शाळेतल्या बाई, क्लासचे सर, सगळेच तो क्रमांक टाकतात, आणि पान आलं नाही की पुन्हा टाकतात.

आमच्या साधनांमधली एक मोठी उणीव इथेच उघडी पडते. साधी स्क्रिप्ट काय करते? विनंती पाठवते आणि उत्तर येईपर्यंत शांत थांबते. सर्व्हर दहा सेकंद गोठला तर स्क्रिप्टही दहा सेकंद गोठते आणि सर्व्हरला दम खायला वेळ मिळतो. खरी माणसं अशी दयाळू नसतात. सर्व्हर गोठला तरी नवी माणसं दारात येतच राहतात आणि जुनी परत परत धक्का मारतात. म्हणून निकालासारख्या सेवेसाठी 'किती थ्रेड' असं न ठरवता 'सेकंदाला किती नवी माणसं येतील' असं ठरवून टेस्ट करावी लागते, उत्तर येवो न येवो. २०२१ मध्येच, २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्यांसाठी 'कोविन' या सरकारी पोर्टलवर करोनाच्या लसीची नोंदणी सुरू झाली. सुरुवातीला मिनिटाला २७ लाख हिट्स होते असं आरोग्य मंत्रालयानं सांगितलं. अनेकांना ओटीपी येईना, पण त्या एका दिवसात एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांची नोंदणी झाली. मी तिला अपयश म्हणणार नाही. अशा धक्क्यानंतर उभं राहणं सोपं नसतं.

टेस्ट बरोबर झाली तरी तिचं ऐकायला कुणी हवं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविमा घेण्याचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. त्याआधी काही दिवस झालेल्या टेस्टमध्ये काही शे माणसांखालीच ते आडवं झालं होतं. तारीख मात्र जाहीर झालेली होती, आणि ती हलली नाही. पहिल्या दिवशी सहा माणसांची नोंदणी पूर्ण झाली. आमच्याकडे हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या आठवड्यातली लोड टेस्ट ही टेस्ट नसतेच. तिच्यात काही सापडलं तर दुरुस्त करायला वेळ नसतो आणि थांबवायला कुणाची छाती होत नाही. मी आता करारातच लिहून घेतो की पहिली टेस्ट अर्धवट बांधकामावर होणार आणि तिचा अहवाल तारीख ठरवणाऱ्याच्या टेबलावर जाणार. काही ग्राहक त्यामुळे हातचे गेले. जाऊ देत.

सर्व्हर मोठा करण्यापेक्षा तारीख मोडणं पुष्कळदा स्वस्त पडतं, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण भारतातलं आहे. जीएसटीचं मासिक विवरणपत्र देशभर वीस तारखेला भरायचं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये पहिल्याच फेरीत पोर्टल दमलं आणि मुदत पंचवीस तारखेपर्यंत वाढवावी लागली. पुढेही वीस तारीख जवळ आली की तक्रारी सुरू व्हायच्या. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं तारखाच वाटून दिल्या. पाच कोटींवरच्या उलाढालीला वीस, छोट्या व्यावसायिकांपैकी महाराष्ट्रासह काही राज्यांना बावीस, उरलेल्यांना चोवीस. त्या एका निर्णयात लोड टेस्टिंगची जी समज आहे, ती मी मोठमोठ्या कंपन्यांच्या आराखड्यांत पाहिलेली नाही.

दहावी-बारावीचा निकाल आता अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, हे चांगलंच झालं. पण वेळ अजून सगळ्यांची एकच असते. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. निकाल एकाच दिवशी लावा, पण पुणे, नागपूर, मुंबई, कोल्हापूर, कोकण असे विभाग वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं उघडा, आणि ती वेळ आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापा. यंत्रं तीच राहतील, खर्च वाढणार नाही. मंडळातल्या कुणी हे वाचत असेल, तर एका निकालाला एवढं करून बघावं, ही माझी विनंती आहे.